मांडीमागचा स्नायू पुन्हा पुन्हा का धरतो, आणि त्याचं काय करायचं

तक्रार जवळपास सारखीच असते. पोरगा चोपड्याकडचा असो, शिरपूरचा असो की नवापूरचा, पोलीस भरतीची तयारी जोरात असते. १६०० मीटर वेळेत निघतं, गोळाफेकही बरी जाते. १०० मीटर मारताना मात्र साठ-सत्तर मीटरच्या पुढे मांडीच्या मागे ‘टक्’ होतं आणि गडी लंगडत थांबतो. कुणी म्हणतं शीर चढली, कुणी म्हणतं लचक भरली. दोन-तीन आठवडे आराम, तेल, बाम. दुखणं जातं. परत मैदानावर येतो, पहिले काही दिवस बरे जातात, आणि एक दिवस पूर्ण जोर लावला की, ‘सर, परत तठेच!’

पहिल्यांदा धरल्यावर काय करावं हे थोडंफार सगळ्यांना माहीत असतं. तिसऱ्यांदा का धरतं, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून उत्तर आधीच देतो. आरामाने दुखणं जातं, ताकद येत नाही. उलट पडून राहिल्याने होती तीही थोडी जाते. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू बरा झाला असं धरून जो पळतो, त्याचं परत धरतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीबद्दल आहे.

गोळा, ओढ की कंबर?

उपाय करण्याआधी दुखणं कोणतं ते ओळखायला हवं, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो.

गोळा आला असेल तर स्नायू आपोआप आवळून कडक होतो, हाताला घट्ट लागतो. पाय सरळ करून हळूच ताणला की काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतो. बहुधा तो सरावाच्या शेवटी, दमल्यावर येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा घामाबरोबर मीठ जातं आणि पोरं नुसतं पाणी पितात, म्हणून त्या दिवसांत जास्त दिसतो.

ओढ म्हणजे काही तंतू खरोखर तुटलेले असतात. ती कधी बसली तो क्षण सांगता येतो, जागा एका बोटाने दाखवता येते, आणि ताणलं की दुखणं वाढतं. गोळ्यात आणि ओढीत फरक करायची हीच सगळ्यात सोपी खूण. एक-दोन दिवसांनी काळं-निळं दिसू शकतं, तेही जिथे लागलं तिथे नाही तर खाली गुडघ्याच्या मागे, कारण आतलं रक्त खाली उतरतं. पोरं घाबरतात की आता गुडघाही गेला. गुडघा ठीक असतो.

तिसरा प्रकार कंबरेतून येतो. नक्की कधी सुरू झालं ते सांगता येत नाही, दुखणं गुडघ्याच्या खाली उतरतं, मुंग्या येतात, शिंकताना-खोकताना कळ जाते. खुर्चीवर पाठ वाकवून, मान खाली घालून गुडघा सरळ केला की मांडीमागे ओढतं, आणि नुसती मान वर केली की कमी होतं. असं असेल तर दुखण्याचं मूळ शिरेत, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेत आहे. अशांनी मांडीचे व्यायाम करून काही होणार नाही, फिजिओथेरपिस्टला कंबर दाखवायची.

बसताना नेमकं बैठकीच्या हाडावर दुखत असेल, म्हणजे वर्गातल्या बाकावर किंवा मोटारसायकलवर, तर तिथल्या कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा त्रास असू शकतो. त्यात रोज वाकून वाकून ताणत बसणं बंद करायचं. ताणल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दुखणं लांबतं.

आता ज्यात थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात जायचं, ते सांगतो. मोठा आवाज होऊन पाय टेकवताच येत नसेल, मांडीच्या मागे हाताला खड्डा लागत असेल, किंवा बैठकीच्या हाडाजवळून मोठं काळं-निळं पसरलं असेल, तर कंडरा हाडापासून सुटलेली असू शकते. लघवीवरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा येणं ही कंबरेतली तातडीची गोष्ट आहे. आणि एक या विषयापासून जरा बाजूची, पण दर उन्हाळ्यात आठवण करून द्यावी लागते. कुणीतरी पहिल्याच दिवशी पैजेवर पाचशे बैठका मारतो आणि दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. ते स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरल्याचं लक्षण आहे, किडनी जाऊ शकते. तिथे लिंबू-सरबताची वाट बघायची नाही.

यापुढचं सगळं ओढीबद्दल आहे.

स्नायू ओढतो, ढकलत नाही

शरीरातला कुठलाही स्नायू फक्त आखडून ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून तो जोडीने काम करतो. मांडीच्या पुढचा चार भागांचा स्नायू गुडघा सरळ करतो, मागचे तीन स्नायू, ज्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात, गुडघा वाकवतात. मागच्यांची अडचण अशी की ते बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात (त्यातला एक छोटा भाग सोडला तर). म्हणजे खुबा आणि गुडघा, दोन्ही सांधे ओलांडतात. खुबा पुढे वाकला आणि त्याच वेळी गुडघा सरळ झाला, तर हे दोन्ही टोकांनी एकदम ताणले जातात.

आत काय चालतं हे १९५४ साली कळलं. ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगळ्या गटांचे लेख आले. एकात अँड्र्यू हक्सली, दुसऱ्यात ह्यू हक्सली. आडनाव एक, नातं काही नाही. दोघांनी सांगितलं ते असं: स्नायूच्या तंतूत मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढे छोटे कप्पे असतात, त्यांना सार्कोमियर म्हणतात. त्यात अ‍ॅक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड धागे असतात. स्नायू आखडतो तेव्हा धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मेंदूकडून आलेला इशारा तंतूत पोचला की आत कॅल्शियम सुटतं, मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे पकडतात.

रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. दोर हातावर हात टाकत ओढता तेव्हा स्नायू आखडतोय. दोन्ही बाजू अडून उभ्या राहिल्या तेव्हा जोर आहे पण हालचाल नाही. आणि समोरचा गट तुम्हाला फरफटत पुढे नेतोय, तुम्ही दोर न सोडता टाचा रोवून त्याला फक्त हळू करताय, तेव्हा हात सोलून निघतात. स्नायूचंही तसंच. जोर लावत असतानाच तो लांब होतो, तेव्हा त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. डोंगर उतरल्यावर मांड्या का भरून येतात, याचं उत्तर यातच आहे. सातपुड्यातल्या तोरणमाळला चढून दम लागतो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते उतरल्यामुळे. (त्याचा दोष लॅक्टिक अ‍ॅसिडला देतात, पण ते तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं.)

आता शंभर मीटरमधलं एक पाऊल बघा. मांडी पुढे आली, गुडघा वर आहे, मग नडगी वेगाने पुढे फेकली जाते. पाय जमिनीला टेकण्याच्या जरा आधी तिला आवरायचं काम हॅमस्ट्रिंगचं. त्या क्षणी तो सगळ्यात लांब झालेला असतो आणि तरी पूर्ण जोराने धरून ठेवत असतो. ‘टक्’ बहुधा तिथेच होतं, आणि तीनपैकी बाहेरच्या बाजूच्या स्नायूत होतं. वेग जितका जास्त, तितका हा ताण जास्त. निम्म्या वेगाने पळताना तो फार कमी असतो, म्हणून १६०० मीटर सहज निघतं आणि १०० मध्ये घात होतो. यात कुणाची ‘शीर कमजोर’ असण्याचा प्रश्न नाही. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत रिलेच्या शेवटच्या टप्प्यात उसेन बोल्टसुद्धा डाव्या मांडीमागे धरून ट्रॅकवर कोसळला होता.

मग परत तिथेच का?

तंतू तुटले की शरीर दोन कामं सुरू करतं. तंतूंच्या कडेला झोपलेल्या पेशी जाग्या होऊन नवे तंतू बनवतात, आणि तुटलेली फट तात्पुरती भरायला जखमेची जाळी विणली जाते. दुसरं काम लवकर होतं. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालताना दुखत नाही, जिने चढता येतात. पण ती जाळी अजून अस्ताव्यस्त विणलेली असते, आणि ती नीट व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. ती ज्या दिशेने ताण येईल त्या दिशेने जुळत जाते. ताण आलाच नाही तर जुळणार कशी?

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ओढ बसलेला स्नायू आखूड स्थितीत बरा जोर लावतो, लांब स्थितीत लावत नाही. सार्कोमियर फार ताणला गेला की धाग्यांची एकमेकांवरची पकड कमी होते, त्यामुळे लांब स्थितीत कुठलाही स्नायू थोडा कमजोरच असतो. दुखापत झालेला जास्त. त्यात मेंदूही त्या पायाला लांब स्थितीत पूर्ण इशारा द्यायला कचरतो, आणि दुखणं गेल्यावरही हे कचरणं राहतं. जिममध्ये यंत्रावर टाच मागे खेचून दोन्ही पाय सारखे वाटतात, कारण ती परीक्षा आखूड स्थितीतली आहे. पेपर मात्र लांब स्थितीतला येतो.

तिसरं कारण आपल्या सरावातलं. पोरं रोज पहाटे १६०० किंवा त्याहून लांब पळतात, पण पूर्ण वेगाने महिनोन्‌महिने पळत नाहीत. हळू पळताना शरीर आधी छोटे, न दमणारे तंतू कामाला लावतं, मोठे वेगवान तंतू जोर बराच वाढल्याशिवाय बोलावत नाही. म्हणजे ज्या तंतूंवर १०० मीटर उभी आहे, त्यांना पुरेसा सराव मिळत नाही. मग चाचणीच्या दिवशी त्यांना एकदम पूर्ण काम. ‘दुखतंय म्हणून स्पीड मारत नाही’ हे पहिले काही दिवस बरोबर आहे. पुढे तेच कारण बनतं.

याशिवाय मैदानावरच्या बारीक गोष्टी आहेत. ‘ढांगा मोठ्या टाक’ असं ओरडणारे मार्गदर्शक प्रत्येक तालुक्यात आहेत. ढांग मोठी टाकली की पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि मांडीमागचा ताण वाढतो, वेग वाढतोच असं नाही. शेवटच्या रेषेवर छाती पुढे टाकण्याची सवयही तशीच. कंबरेतून वाकलं की खुब्याकडून स्नायू आणखी ताणला जातो, तोही सगळ्यात दमलेल्या क्षणी. छाती टाकायची असेल तर रेषेवरच टाका, दहा मीटर आधीपासून नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे चांगला गारठा असतो, आणि भर थंडीत मफलर काढून थेट शंभर मारणारे बहाद्दरही आहेत. काळ्या मातीच्या मैदानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाय त्यात सरकला की झटका बसतो. वेगाचा सराव तरी जिल्हा क्रीडा संकुलात किंवा मुरमाच्या सपाट पट्टीवर करा.

कबड्डीवाल्यांचं थोडं वेगळं. बोनससाठी किंवा पाय मारताना पाय लांब फेकला आणि वरून बचावाने दाबलं, तर स्नायू वेगाने नाही, अति ताणाने जातो. सुरुवातीला हे कमी दुखतं आणि बरं व्हायला पळताना बसलेल्या ओढीपेक्षा जास्त वेळ घेतं. ‘काही नाही रे भाऊ, खेळ’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

काय करायचं

पहिले दोन-तीन दिवस: पळणं बंद, पण अंथरुणातही पडायचं नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. क्रेप बँडेज. दुखत नाही तेवढं चालायचं. गरम शेक नको, ताणणं नको, आणि मालिश तर अजिबात नको. आखाड्यातल्या एखाद्या आबांचा हात कितीही हलका असला तरी ताज्या जखमेवर तो फिरवू देऊ नका, आत रक्तस्राव वाढतो. गावातला हाडवैद्य ‘शीर बसवून देतो’ म्हणाला तर नमस्कार करून परत यायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जोर लावायला सुरुवात. पाठीवर झोपून गुडघा थोडा वाकवायचा, टाच जमिनीत दाबून वीस-तीस सेकंद धरायची, असं चार-पाच वेळा. मग टाचा रोवून कंबर उचलायची, आधी दोन पायांवर, जमलं की एका पायावर. दर दोन-तीन दिवसांनी टाच बुडापासून थोडी लांब सरकवायची. गुडघा जितका सरळ, तितका स्नायू लांब, आणि आपल्याला तिकडेच जायचं आहे. दुखण्याला दहापैकी मार्क द्या. दोन-तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसावं. अजिबात दुखू न देता व्यायाम करू म्हणाल तर हे काम पुढे सरकत नाही.

दोन आठवड्यांच्या आसपास, म्हणजे बहुतेक जण पळायला लागतात त्या सुमाराला, खरा व्यायाम सुरू होतो. गुळगुळीत फरशीवर पाठीवर झोपा, टाचांखाली फडकं, कंबर वर, आणि टाचा हळूहळू पुढे सरकवत पाय लांब करा. परत येताना कंबर टेकवली तरी चालेल, आपल्याला जाण्याचा भाग हवा आहे. दुसरा, उभं राहून गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकायचं, हातात पाण्याचा कॅन किंवा वाळूची छोटी गोणी. मांडीच्या मागे ताण जाणवेल तिथपर्यंत जायचं.

हे जमलं की नॉर्डिक. गुडघ्यांवर बसा, खाली चादरीची घडी. जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे पडत जायचं, मग हातांवर झेलून, हातांनीच ढकलून परत वर. सुरुवातीला सगळे धप्पकन पडतात, त्याचं काही वाटून घेऊ नका. डेन्मार्कमध्ये ५० फुटबॉल संघांच्या ९४२ खेळाडूंवर याचा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या जवळपास खेळाडूंनी दहा आठवडे हा व्यायाम केला. त्यांच्यात नव्या दुखापती सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या दुखापती ८५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे ‘परत तठेच’वाल्यांनाच याचा सगळ्यात जास्त फायदा. त्यांनी पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट केले. दुसऱ्या आठवड्यात दोनदा, सहा-सहाचे दोन. तिसऱ्यापासून आठवड्यातून तीनदा, तीन सेट, आणि पाचव्या आठवड्यापासून बारा, दहा, आठ. पहिल्याच दिवशी बारा करू नका, दोन दिवस संडासला बसता येणार नाही.

यंत्र नको, जिम नको, फक्त घोटे धरायला एक माणूस हवा. तरी पोरं हा व्यायाम टाळतात आणि पाचशे रुपयांच्या स्प्रेवर विश्वास ठेवतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

वेग परत आणणं

व्यायाम आणि पळणं बरोबरीने वाढवायचं. ६० ते ८० मीटरच्या धावा, सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवटी हळू थांबणं. झटक्यात सुटायचं नाही, झटक्यात थांबायचंही नाही. आधी निम्मा वेग, मग ७० टक्के, ८०, ९०. एका पायरीवर दोनदा काही न दुखता पळाल्याशिवाय पुढची पायरी नाही, आणि दोन वेगाच्या दिवसांमध्ये निदान एक दिवस मोकळा. ९० आणि १०० मध्ये कागदावर थोडंच अंतर आहे, पायाला ते बरंच मोठं आहे. बहुतेकांची घाई तिथेच होते. मैदानावर परतल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे.

पूर्ण जोर लावण्याआधी तीन गोष्टी तपासा. दुखरी जागा बोटाने दाबून दुखते का? एका पायावर कंबर उचलण्याचे आकडे दोन्ही पायांचे जवळपास सारखे येतात का? आणि पाठीवर झोपून, गुडघा सरळ ठेवून पाय झपकन वर फेकला तर मनात धास्ती येते का? दुखलं नाही पण धास्ती आली, तरी अजून वेळ आहे. या तिसऱ्या परीक्षेत नापास होणारे खूप असतात.

नेहमी विचारले जाणारे काही

‘केळी खाल्ली तर?’ जळगाव जिल्ह्यात बसून केळीविरुद्ध बोलणं जोखमीचं आहे, पण ओढीचा केळीशी संबंध नाही. गोळ्याशीही लोक समजतात तितका नाही. घाम गाळणाऱ्याने पाण्यात चिमूटभर मीठ-साखर टाकावी आणि केळं भूक लागली म्हणून खावं. रोजच्या जेवणात डाळ, कळण्याची भाकरी, अंडी, दूध पुरेसं असेल तर डब्यातल्या पावडरीने जखम लवकर भरत नाही.

‘पळण्याआधी ताणून घेतो तरी धरतं.’ धरणारच. एका जागी उभं राहून लांब वेळ ताणल्याने ओढीपासून फारसं संरक्षण मिळत नाही. त्याऐवजी दहा मिनिटं हळू पळा, गुडघे वर घेत चाला, पाय हलवत फेका, मग वाढत्या वेगाच्या तीन-चार धावा. हिवाळ्यात आणखी पाच मिनिटं.

‘इंजेक्शन घेऊन पळू का?’ नाही. दुखणं ही त्या दिवशी तुमच्याकडे असलेली एकमेव सूचना आहे, ती बंद करून पूर्ण वेगाने पळणं म्हणजे अर्धवट तुटलेलं पूर्ण तोडणं.

‘मैदानी चाचणी दहा दिवसांवर आहे आणि आज धरलं.’ याला गोड उत्तर नाही. शिपाई पदाच्या मैदानी ५० गुणांत मुलांच्या १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण आहेत, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. दहा दिवसांत १०० मीटर पूर्ण जोराने पळण्याएवढा पाय बहुधा होत नाही. लांब अंतर आणि गोळा सांभाळा, त्या आधी एकदाही ‘बघू तरी’ म्हणून स्पीड मारू नका. चाचणीच्या दिवशी चालताना, हळू पळताना काही दुखत नसेल तर शंभरमध्ये सुटताना झटका न देता ८०-८५ टक्क्यांनी पळून मिळतील ते गुण घ्या. पाय लंगडत असेल तर उतरू नका.

आणि निवड झाली तर प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवसापासून पळायचंच असतं. आठवड्यातून एकदा नॉर्डिक तिथेही चालू ठेवा. घोटे धरायला बॅचमधला कुणी ना कुणी मिळतोच, फक्त त्याचे तुम्हीही धरा.